क्लिक, क्लिक! : वेग पकडायचा कसा?

काय दोस्तांनो, कॅमेऱ्याशी गट्टी जमली ना? मागच्या आठवड्यात आपण खिडकीतून येणाऱ्या उजेडात आजीचा फोटो काढला. आजी बिचारी शांत बसून होती. आज मात्र आपल्यापुढे कोणी शांत बसणार नाहीये. आज सगळे पळणार आहेत!

पण कॅमेरा हातात घेण्याआधी एक गंमत करू या. शेजारी कोणी तरी असेल, त्याला किंवा तिला तुमच्या डोळ्यांकडे बघायला सांगा. आता समोरच्या भिंतीवरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवा. अगदी सावकाश, मध्ये कुठेही न थांबता. फिरवलीत? आता विचारा, "माझे डोळे कसे फिरले?" उत्तर येईल, "उड्या मारत!" तुम्हाला वाटलं असेल की नजर तेल लावल्यासारखी सरकली; पण डोळे टप्प्याटप्प्यानं उडत जातात.

आता त्याच मित्राला एक पेन तुमच्यासमोरून सावकाश न्यायला सांगा आणि तुम्ही फक्त पेनाच्या टोकाकडे बघा. पुन्हा विचारा. या वेळी डोळे अगदी गुळगुळीत फिरलेले असतील. म्हणजे बघा हं, पाठलाग करायला काही तरी असलं की आपले डोळे न अडखळता फिरतात आणि नसलं की उड्या मारतात. आकाशात बगळा चालला की आपण त्याच्याबरोबर नजर नेतो. बगळा स्वच्छ दिसतो आणि मागची झाडं पुसट होऊन मागे पळतात.

डोळ्यांची हीच युक्ती कॅमेऱ्याला शिकवायची, एवढाच आजचा धडा. तिचं नाव आहे पॅनिंग. नाही, नाही, स्वयंपाकघरातल्या पॅनचा इथे काही संबंध नाही! हा 'पॅन' आला 'पॅनोरमा' या शब्दातून. ग्रीक भाषेत 'पॅन' म्हणजे सगळं आणि 'होरामा' म्हणजे दृश्य. सगळं दृश्य टिपायला कॅमेरा एका बाजूकडून दुसरीकडे फिरवायचा, ते पॅनिंग.

एक सायकल, तीन फोटो

समजा, तुमची मैत्रीण मैदानावरून सायकल चालवत चाललीय. वेग ताशी १८ किलोमीटर. गणित करा पाहू. १८ हजार मीटर भागिले ३,६०० सेकंद. आलं उत्तर? सेकंदाला ५ मीटर.

आता कॅमेऱ्यातलं शटर आठवा. शटर म्हणजे कॅमेऱ्याची पापणीच. ती किती वेळ उघडी राहते, त्यावर सगळा खेळ अवलंबून आहे.

पहिला फोटो: शटर १/१००० सेकंद उघडलं. तेवढ्या वेळात सायकल सरकली फक्त अर्धा सेंटिमीटर. फोटो आला झकास, स्वच्छ. पण सायकल कशी दिसते? स्टँडवर लावून मैत्रीण तिच्यावर नुसती बसलीय, अशी! झाडाचं पानन् पान स्पष्ट, चाकाचा स्पोकन् स्पोक स्पष्ट आणि वेग मात्र गायब.

दुसरा फोटो: शटर १/३० सेकंद उघडलं आणि कॅमेरा जागचा हलला नाही. तेवढ्या वेळात सायकल सुमारे १७ सेंटिमीटर पुढे गेली. आता झाडं स्वच्छ आली, पण मैत्रिणीचं भूत झालं! नाक कुठे नि कान कुठे, कळायची सोय नाही.

तिसरा फोटो: शटर तेच, १/३० सेकंद. पण या वेळी आपण कॅमेरा सायकलबरोबर फिरवत नेला. सायकल चौकटीत जागच्या जागी राहिली, म्हणून ती स्वच्छ आली. झाडं मात्र चौकटीतून मागे सरकली, म्हणून त्यांचे आडवे पट्टे झाले. आता वाटतं की नाही, की सायकल सुसाट चाललीय? हाच आपला पॅनिंगचा फोटो.

जाता जाता चाकांकडेही बघा, बरं का. दुसऱ्या प्रकारचा फोटो थोड्या जलद शटरनं, म्हणजे १/१२५ ला काढलात, तर एक नवल दिसेल. जमिनीजवळचे स्पोक बऱ्यापैकी स्पष्ट येतील आणि वरचे पुसट! कारण धावत्या चाकाचा जो बिंदू जमिनीला टेकतो, तो त्या क्षणी स्थिर असतो, तर सगळ्यात वरचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगानं पुढे जात असतो. पॅनिंगमध्ये मात्र चाकाचा मध्य आपल्या चौकटीत स्थिर राहतो, म्हणून सगळे स्पोक सारखेच फिरलेले दिसतात. विज्ञानाच्या तासाला बाईंना हे दोन फोटो दाखवा. बाई खूश होतील!

एक पत्र

हा विषय आजच का घेतला, सांगतो. नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "माझा दादा दहावीत आहे. तो ४०० मीटर पळतो. रोज पहाटे पाच वाजता उठून सराव करतो. गेल्या वर्षी त्याचा पळतानाचा फोटो शाळेच्या फळ्यावर लागला होता. पण त्यात तो एका पायावर उभा राहून बसची वाट बघतोय, असं वाटत होतं. सगळे हसले. दादा पण हसला, पण मला माहीत आहे, त्याला वाईट वाटलं. यंदा त्याची शाळेतली शेवटची शर्यत. चार आठवडे उरलेत. मामाचा डिजिटल कॅमेरा मिळणार आहे. फोटोत दादाचा वेग दिसेल असं काही करता येईल का?"

येईल की! पण एक अडचण आहे. शर्यत काही पुन्हा पळत नाहीत. "दादा, फोटो हलला रे, परत पळतोस का?" असं म्हणायची सोय नाही. म्हणून सगळ्या चुका या चार आठवड्यांत करून घ्यायच्या. शर्यतीच्या दिवशी हाताला सवय झालेली असली पाहिजे. तुमच्यापैकी ज्यांच्या शाळेत क्रीडामहोत्सव आहे, त्यांनीही लगेच तयारीला लागा.

चला, मैदानावर!

सुरुवात पळणाऱ्यापासून करू नका, सायकलपासून करा. का? सायकलवरच्या माणसाचं डोकं सरळ रेषेत पुढे जातं. पळणाऱ्याचं डोकं पुढे तर जातंच, शिवाय प्रत्येक पावलागणिक वरखालीही होतं. ते सांभाळणं अवघड. आधी सोपं, मग अवघड.

एक. मैदानावर फक्कीची एक सरळ रेघ मारा. सायकलवाल्या मित्राला सांगा, या रेघेवरूनच, एकाच वेगानं जायचं. तुम्ही रेघेपासून १० मीटर लांब उभे राहा. मोठी ढांग टाकलीत तर दहा-बारा ढांगा होतील. सायकल तुमच्या अंगावर येणारी नको, डोळ्यांसमोरून आडवी जाणारी हवी.

दोन. मागे काय आहे ते बघा. कोरी भिंत किंवा नुसतं आकाश असेल, तर पट्टे उमटणारच नाहीत. रंगाला रंग सरकून काय दिसणार? झाडं, उन्हा-सावलीचे कवडसे, रंगीत कपड्यांतली मुलं अशी मागची बाजू निवडा.

तीन. कॅमेऱ्यावर गोल चकती असेल, तर ती 'एस' किंवा 'टीव्ही' या खुणेवर आणा. टीव्ही म्हणजे दूरदर्शन नव्हे हं! 'टाइम व्हॅल्यू'चं ते छोटं रूप. या खुणेवर शटरचा वेळ तुम्ही ठरवायचा, बाकीचं कॅमेरा बघून घेतो. पहिले दहा फोटो १/१२५ ला काढा, पुढचे दहा १/६० ला, मग १/३० ला. जमायला लागलं की १/१५ चं धाडस करा. फोनमध्ये 'प्रो' नावाची सोय असेल, तर तिथेही शटर ठरवता येतं.

चार. सायकल जिथे असताना बटण दाबायचं आहे, तिथे रेघेवर एक दगड ठेवा. त्या दगडावर आधीच फोकस जुळवून ठेवा. फोनवर त्या जागी बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस तिथेच पक्का होतो. मग ऐनवेळी कॅमेरा शोधाशोध करत बसणार नाही.

पाच. आता उभं राहायची रीत. ही सगळ्यात महत्त्वाची. पाय दगडाच्या दिशेला रोवा, थोडे फाकवून. मग पाय न हलवता कमरेतून वळा आणि सायकल येते तिकडे तोंड करा. म्हणजे तुमचं अंग पिळलेल्या दोरीसारखं झालं. सायकल आली की ती दोरी आपोआप उलगडत जाईल आणि दगडापाशी तुम्ही अगदी आरामात असाल. पाय उलटे रोवलेत, तर नेमकं बटण दाबताना अंग आखडेल आणि झटका बसेल.

सहा. दोन्ही कोपरं पोटाशी घट्ट. हात नाही फिरवायचे, कंबर फिरवायची.

सात. सायकल लांब असल्यापासूनच तिला चौकटीत धरा. मैत्रिणीचा चेहरा चौकटीत एका जागी ठेवा आणि तो तिथून हलू देऊ नका. पुढे थोडी मोकळी जागा सोडा. सायकलला फोटोत जायला जागा नको का?

आठ. दगडापाशी आली की बटण हळूच दाबा. खुपसू नका! आणि दाबल्यावरही फिरत राहा. हे विसरायचं नाही. क्रिकेटमध्ये चेंडू सुटला म्हणून गोलंदाजाचा हात हवेत तिथेच थांबतो का? तो पुरता खाली येतो. तसंच आपलं. बटण दाबलं की काम झालं असं वाटून आपण थांबतो, आणि थांबायची तयारी मनात आधीच सुरू झालेली असते. तिथेच फोटो फसतो.

गडबड नेमकी तिथेच का होते?

पहिल्या दिवशी सगळ्यांचा अनुभव एकच असतो. सायकल लांब असते तेव्हा छान जमतं. समोर आली की ती चौकटीतून सटकन पुढे निघून जाते. वाटतं, मित्रानं मुद्दाम वेग वाढवला! पण त्याच्यावर रागावू नका. त्याचा वेग तोच असतो. बदलतो तो आपला कोन.

आपण रेघेपासून १० मीटरवर आहोत आणि सायकल सेकंदाला ५ मीटर जातेय. ती दगडाच्या १० मीटर अलीकडे असते, तेव्हा आपल्याला सेकंदाला सुमारे १४ अंश वळावं लागतं. ती बरोबर समोर येते, तेव्हा सुमारे २९ अंश. म्हणजे दुप्पट! आणि आपण रेघेपासून फक्त ५ मीटरवर उभे असलो तर? मग समोर आल्यावर सेकंदाला ५७ अंश. मान मोडायची पाळी! म्हणून सुरुवातीला लांब उभं राहायचं. धावत्या रेल्वेतून बघताना जवळचे खांब भर्रकन जातात आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर सावकाश येतो, तेच हे.

कंपासपेटीतला कोनमापक आणि आलेखाचा कागद घ्या आणि ही आकृती काढून बघा. भूमिती मैदानावर उपयोगी पडते, ती अशी.

पट्टे किती लांब येतील, तेही काढता येतं. नेहमीच्या ५० मिलिमीटरच्या भिंगातून, ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर, आडवं सुमारे ४० अंशांचं दृश्य मावतं. सेकंदाला २९ अंश वळताना १/३० सेकंदात आपण जवळजवळ १ अंश फिरलो. १५ सेंटिमीटर रुंदीच्या फोटोत तो पट्टा होतो साधारण साडेतीन मिलिमीटरचा. १/१००० सेकंदात तोच पट्टा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा. तो दिसेल कसा?

ऊन नको रे बाबा!

शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की उजेडही जास्त आत येतो. भर उन्हात १/३० ला फोटो काढला, तर तो पांढराफटक होऊ शकतो. मोठ्या कॅमेऱ्यात भिंगाचं छिद्र बारीक करून उजेड अडवता येतो. आयएसओ १०० वर, कडक उन्हात १/६० ला एफ-२२ एवढं बारीक छिद्र लागतं. १/३० ला तेही पुरत नाही. फोनचं छिद्र तर बहुतेक वेळा बदलताच येत नाही आणि ते चांगलं मोठं असतं. म्हणून फोनवाल्यांनी सूर्य मावळायच्या सुमाराला सराव करावा. कॅमेरावाल्यांनी सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी. आयएसओचा आकडा असेल तेवढा कमी ठेवा.

तिरकं चाक

आता एका फ्रेंच मुलाची गोष्ट. त्याचं नाव जाक आंरी लार्तीग. जन्म १८९४ चा. सात-आठ वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी त्याला कॅमेरा दिला. त्याला नटूनथटून बसलेल्या माणसांचे फोटो काढण्यात रस नव्हता. त्याचा मोठा भाऊ घरीच चाकाच्या गाड्या आणि उडायची यंत्रं बनवायचा, नात्यातल्या बहिणी जिन्यावरून उड्या मारायच्या. हा त्यांचे फोटो काढायचा. हलणारं, पळणारं, उडणारं काही दिसलं की स्वारी कॅमेरा घेऊन हजर!

१९१२-१३ च्या सुमाराला तो मोटारींची शर्यत बघायला गेला. तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता. ६ नंबरची मोटार समोरून धूळ उडवत गेली. त्यानं कॅमेरा तिच्याबरोबर फिरवला आणि बटण दाबलं. पण मोटार फारच वेगात होती. ती चौकटीत पुरती मावलीच नाही. चाक गोल यायचं ते लंबगोल होऊन पुढे झुकलं. आणि कडेला उभी असलेली माणसं उलट्या दिशेला झुकली, जणू वाऱ्यानं ढकलल्यासारखी!

असं का झालं? त्याच्या कॅमेऱ्यातलं शटर म्हणजे पडद्यातली एक फट होती. ती सरकत जायची आणि दृश्य पट्ट्यापट्ट्यानं उमटायचं. चाकाचा खालचा भाग आधी उमटला, वरचा नंतर. तेवढ्या वेळात मोटार कॅमेऱ्याच्या पुढे निसटली, म्हणून चाकाचा वरचा भाग पुढे आला. कडेची माणसं मात्र जागीच उभी होती आणि कॅमेरा फिरत होता, म्हणून ती मागे झुकली.

नियमानं पाहिलं तर हा फोटो फसलेलाच म्हणायचा. कित्येक वर्षं तो घरातच राहिला. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात लार्तीगच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तो ६९ वर्षांचा होता. आज मोटारीच्या वेगाचा फोटो म्हटलं, की जगभरच्या जाणकारांना तेच तिरकं चाक आठवतं.

आणि गंमत माहितीये? आजच्या बहुतेक फोनमध्येही चित्र एका दमात न उमटता ओळीओळीनं उमटतं. एस.टी.च्या खिडकीशी बसून, हात आतच ठेवून, जवळच्या विजेच्या खांबांचे फोटो काढा. खांब तिरके आलेले दिसतील!

फसलेला फोटो बोलतो!

पूर्वी ३६ फोटोंचा एक रोल असायचा. फोटो कसा आला ते रोल धुऊन आल्यावरच कळायचं, त्यामुळे प्रत्येक फोटोला जीव धाकधूक करायचा. आज फोटो लगेच दिसतो. चांगलं आहे, पण एक वाईट सवय लागते. फोटो फसला, की पुसून टाकला. असं करू नका! सरावाचे फोटो संध्याकाळपर्यंत तरी ठेवा. काय चुकलं, ते फोटोच सांगतो.

मागची झाडं स्वच्छ आणि सायकल पुसट? बटण दाबताना कॅमेरा थांबला होता.

सायकल आणि झाडं दोन्ही स्वच्छ? शटर फार जलद होतं. १/१२५ असेल तर १/६० ला या.

दोन्ही आडवे पुसट? तुम्ही सायकलच्या पुढे तरी पळालात, नाही तर मागे तरी राहिलात.

सायकल उभी पुसट, म्हणजे वर-खाली? बटण जोरात दाबलं गेलं किंवा कोपरं सुटली.

पुढचं चाक स्वच्छ आणि मागचं पुसट? सायकल आडवी न जाता तिरकी येत होती.

वहीत तारीख, शटर, अंतर आणि 'काय चुकलं' असे चार रकाने आखा. सुरुवातीला दहातला एखादा जमला तरी उडी मारा! चार दिवसांनी तीच वही उघडून बघा. आपण कुठे होतो आणि कुठे आलो, ते कळेल.

शर्यतीचा दिवस

आता पत्रवाल्या मैत्रिणीसाठी खास. शाळेचं मैदान बहुतेक २०० मीटरच्या फेरीचं असतं. म्हणजे दादाला दोन फेऱ्या मारायच्या. तू कुठे उभी राहशील? सगळे शेवटच्या रेषेपाशी गर्दी करतील. तू तिथे जाऊ नकोस. क्रीडाशिक्षकांना आधी विचार आणि त्यांनी हो म्हटलं, तर वळणाच्या आतल्या बाजूला, अर्धवर्तुळाच्या बरोबर मध्यबिंदूपाशी उभी राहा.

का, ओळखलंस? वर्तुळाच्या मध्यबिंदूपासून परिघाचं अंतर सगळीकडे सारखंच असतं! दादा वळणावर असेपर्यंत तो तुझ्यापासून तेवढ्याच अंतरावर राहील. फोकस बदलायला नको. आणि तुझा फिरायचा वेगही बदलणार नाही. सरळ रेघेवर समोर आल्यावर जी गडबड होते, ती इथे होणारच नाही. समज, ते अंतर १८ मीटर आहे आणि दादा सेकंदाला ६ मीटर पळतोय. मग तुला सेकंदाला फक्त १९ अंश वळायचंय, तेही साडेनऊ सेकंद एकसारखं. बाहेरच्या कडेला रंगीत टोप्या घालून मुलं उभी असतील. त्यांचे सुंदर पट्टे होतील.

शटर १/६० पासून सुरू कर. दादाचे हातपाय पुसट येतील, येऊ देत. ते तर पळतायत! चेहरा आणि छातीवरचा नंबर ओळखू आला, की फोटो जमला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोटो पहिल्या फेरीत काढ. दुसऱ्या फेरीत कॅमेरा गळ्यात अडकव, दोन्ही हात मोकळे कर आणि ओरड! बेंबीच्या देठापासून ओरड. कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला शर्यत दिसत नाही, फक्त एक चेहरा दिसतो. दादाची शाळेतली शेवटची फेरी तुझ्या डोळ्यांनी बघायची राहून गेली, तर ती कुठल्याही फोटोत परत मिळणार नाही. आणि पहिल्या फेरीतला फोटो नाहीच जमला, तरी शेवटच्या वळणावर दादाला बहिणीचा आवाज ऐकू येईल. त्याला त्या क्षणी फोटोपेक्षा तोच जास्त उपयोगी पडणार आहे.

आई-बाबांसाठी दोन शब्द

हा सराव मैदानावर, बागेत किंवा इमारतीच्या बंद आवारातच होऊ द्या. रस्त्याच्या कडेला, पुलावर किंवा रेल्वेच्या रुळांजवळ अजिबात नको. कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या मुलाला मागून येणारं वाहन दिसत नाही. कॅमेऱ्यातून बघत मागे मागे सरकणंही धोक्याचं. सायकल चालवणाऱ्याच्या तोंडावर फ्लॅश मारू देऊ नका. आणि ओळखीच्या नसलेल्या मुलांचे फोटो काढायचे असतील, तर त्यांच्या मोठ्यांना विचारायची सवय आत्ताच लावा.

आणखी एक विनंती. मुलांनी शंभर फोटो काढून त्यातले नव्वद फसले, तर "कशाला वेळ घालवतोस?" असं म्हणू नका. त्यापेक्षा संध्याकाळी स्वतः सायकलवर बसा आणि फक्कीच्या रेघेवरून पाच-सहा चकरा मारा. मुलांना सरावाला कोणी तरी पळणारं लागतंच!

या आठवड्याचा उद्योग

सायकलचे तीन फोटो काढा. एक १/१००० ला, एक १/३० ला कॅमेरा स्थिर ठेवून आणि एक १/३० ला पॅनिंग करून. तिन्ही शेजारी शेजारी चिकटवा आणि घरातल्या सगळ्यात लहान भावंडाला विचारा, "यातली कुठली सायकल सगळ्यात जोरात चाललीय?" खाली शटर वगैरे काही लिहू नका. त्यानं बोट तिसऱ्या फोटोवर ठेवलं, तर तुम्ही पास!

ज्यांच्याकडे कॅमेरा नाही, त्यांनी हिरमुसू नका. जाड कागदात छोटी चौकट कापा, एक डोळा मिटून तिच्यातून बघा आणि येणारी-जाणारी सायकल त्या चौकटीत एकाच जागी धरून ठेवायचा सराव करा. कंबर, पाय, कोपरं, सगळं तेच. उद्या कॅमेरा हातात आला, की निम्मं काम झालेलं असेल.

पुढच्या आठवड्यात आपण रात्रीच्या आकाशाकडे वळू. तेव्हा शटर १/३० सेकंद नाही, तर चांगली दहा-दहा मिनिटं उघडं ठेवायचंय! तोपर्यंत पाय रोवा, कोपरं पोटाशी घ्या आणि... क्लिक!